वजन उतरल्यावर अंगावरची चरबी नेमकी जाते कुठे?

गणिताचा मास्तर, लातूर

नमस्कार. मी लातूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. मागच्या आषाढात माझे वजन 89 किलो झाले होते आणि उपाशीपोटीची साखर वाढू लागली होती, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. तेव्हापासून रात्रीचा भात आणि चहातली साखर बंद केली, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, वरण आणि एखादी पालेभाजी एवढ्यावर जेवण आणले, आणि पहाटे तळ्यापर्यंत चालत जाऊन परत येण्याची सवय लावून घेतली. आठ महिन्यांनी आज काटा 78 किलो दाखवतो आहे आणि साखरही आटोक्यात आली आहे.

माझा प्रश्न मात्र माझा नाही, नववीच्या वर्गातल्या एका मुलीचा आहे. मागच्या आठवड्यात तास संपताना ती म्हणाली, "सर, तुम्ही लई वाळलाव. मग ती चरबी गेली कुठं?" मी सवयीने सांगितले की चरबी जळून गेली. त्यावर ती म्हणाली, "जळली तर राख कुठंय?" तिच्या घरी अजून चूल आहे, त्यात तुराट्या जळतात आणि रोज सकाळी राख भरण्याचे काम तिच्याकडेच असते, त्यामुळे जळणे म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मला उत्तर देता आले नाही.

शिक्षकांच्या खोलीत विचारले तेव्हा चार जणांनी चार उत्तरे दिली. एक जण म्हणाले की ती घामावाटे जाते, दुसरे म्हणाले की शौचावाटे जाते, तिसऱ्यांच्या मते व्यायाम केल्यावर चरबीचे स्नायूंत रूपांतर होते, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी सांगितले की चरबीची ऊर्जा होते. शेवटचे उत्तर मला सर्वांत पटण्याजोगे वाटले, पण गणिताच्या माणसाला त्यातही एक अडचण दिसते. किलोमध्ये मोजलेली वस्तू कॅलरीत कशी काय संपेल? अकरा किलो म्हणजे काही थोडे नव्हे, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीचा तिसरा भाग तरी होईल. जाणकारांनी नीट हिशोबासह सांगावे, कारण मला ते त्या मुलीला सांगायचे आहे.


निवृत्त रसायन प्राध्यापक, नांदेड

सर, राखेचा प्रश्न वाचला आणि पुढचे वाचायचे सोडून क्षणभर तसाच बसून राहिलो. इतकी वर्षे महाविद्यालयात शिकवले, पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. तिला माझे कौतुक जरूर कळवा.

उत्तर आधी सांगतो आणि मग हिशोब मांडतो. तुमच्या अंगावरून उतरलेल्या चरबीचा फार मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन तुमच्या श्वासावाटे बाहेर गेला, आणि उरलेल्या भागाचे पाणी झाले. म्हणजे गेले आठ महिने तुम्ही तुमची चरबी नाकातोंडावाटे हवेत सोडत होता.

हे समजून घ्यायला देवघरातली समई पुरेशी आहे. रात्री समईत भरलेले तेल सकाळी संपलेले असते. ते सांडलेले नसते, कुणी प्यालेले नसते, आणि खाली राखही पडलेली नसते, फक्त वातीचे टोक काजळलेले असते. मग तेल गेले कुठे? ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वायू आणि वाफ होऊन खोलीत मिसळले. आपल्याकडचे करडईचे तेल आणि माणसाच्या पोटावरची चरबी हे दोन्ही रसायनदृष्ट्या एकाच घराण्यातले पदार्थ आहेत. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्या रचनेला ट्रायग्लिसराइड म्हणतात. रक्ताच्या अहवालात हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला असतो.

आता राखेविषयी. तुराटीची राख म्हणजे न जळलेली तुराटी नव्हे. तुरीच्या झाडाने मुळांवाटे जमिनीतून घेतलेले पोटॅशियम, कॅल्शियम आणि इतर खनिजे खोडात साठतात, ती वायू होऊन उडू शकत नाहीत, म्हणून चुलीत मागे राहतात. शुद्ध तेलात किंवा चरबीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांखेरीज काहीच नसते. कार्बनचा वायू होतो, हायड्रोजनचे पाणी होते, आणि राख व्हायला काही उरतच नाही. म्हणून मुलीचा प्रश्न अचूक आहे आणि तिच्या चुलीतली राखही खरी आहे, दोन्ही ठिकाणी जळणारा पदार्थ तेवढा वेगळा आहे.

शरीरातले जळणे हे ज्वालेशिवायचे, टप्प्याटप्प्याने होणारे आणि 37 अंश तापमानात चालणारे जळणे आहे. श्वसन ही एक प्रकारची ज्वलनक्रियाच आहे हे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी दाखवून दिले. लाप्लास यांच्यासोबत त्यांनी गिनीपिग हा छोटा प्राणी बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले, आणि त्याने सोडलेल्या वायूशी त्याचा मेळ घालून पाहिला. रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही हा नियम आपण ज्यांच्या नावाने शिकवतो तेही लाव्हाझिएच, आणि तुमची शंका नेमकी त्याच नियमावर उभी आहे.

आता हिशोब. माणसाच्या चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे 55, हायड्रोजनचे 104 आणि ऑक्सिजनचे 6 अणू धरतात. असा एक रेणू पूर्ण जळायला हवेतल्या ऑक्सिजनचे 78 रेणू लागतात, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे 55 व पाण्याचे 52 रेणू तयार होतात. वजनात मांडले तर 10 किलो चरबी जळायला सुमारे 29 किलो ऑक्सिजन श्वासावाटे आत घ्यावा लागतो, आणि बाहेर पडतो तो सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 11 किलो पाणी. आत 39 आणि बाहेरही 39, म्हणजे जमाखर्च जुळला.

मूळच्या 10 किलोंपैकी कोणता वाटा कुठे गेला हे शोधायचे असेल तर चरबीतल्या ऑक्सिजनच्या सहा अणूंचीही वाटणी करावी लागते. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात आणि पाण्याच्या रेणूत एक, त्यामुळे ते सहा अणू दोनास एक या प्रमाणात विभागले जातात, म्हणजे चार वायूकडे आणि दोन पाण्याकडे. तसे केल्यावर 10 किलो चरबीपैकी 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून आणि 1.6 किलो पाणी म्हणून गेली असे उत्तर येते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हीच मांडणी 2014 च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक यांना हाच प्रश्न विचारला होता, आणि बहुतेकांचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांसारखेच, म्हणजे ऊर्जा किंवा उष्णता, असे आले होते. तेव्हा त्या शिक्षकांना कमी लेखू नका.

ऊर्जा मिळते हे खरेच आहे. एक ग्रॅम चरबीतून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे दहा किलोंतून 90,000. पण ही ऊर्जा अणूंमधले बंध बदलल्यामुळे मिळते, अणू नाहीसे झाल्यामुळे मिळत नाही. आईनस्टाइनच्या समीकरणाने या 90,000 किलोकॅलरींचे वस्तुमान काढले तर ते साधारण चार मायक्रोग्रॅम येते, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा किलोंतले चार मायक्रोग्रॅम सोडले तर बाकी सगळे पदार्थरूपानेच बाहेर पडले.


करडई, परभणी

प्राध्यापक साहेब, आमचा लाकडी घाणा आहे आणि करडईच्या तेलात माझे आयुष्य गेले, पण जळलेले तेल कुठे जाते याचा विचार मी आजवर केला नव्हता. आपले लिहिणे वाचून रात्री समईसमोर बराच वेळ बसलो.

माझी शंका सरळ आहे. चरबी श्वासावाटे जाते हे जर खरे, तर जोरजोराने श्वास सोडल्यावर ती लवकर जायला हवी. आमच्या भागात सकाळच्या प्राणायाम वर्गात कपालभाती करताना हेच सांगितले जाते की प्रत्येक फटक्यासरशी पोटाची चरबी बाहेर पडते. माझ्या घरच्यांनी चार महिने नेमाने केले, त्यांना झोप चांगली लागू लागली, मन शांत झाले, पण वजनात फरक पडला नाही. मग चूक कुठे होते आहे? शिवाय पोटाला बांधायचा घामाचा पट्टाही आम्ही एका दुकानातून घेतला. तो बांधून तासभर बसले की काटा अर्धा किलो खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जातो. हे कसे?


दवाखाना, अंबाजोगाई

मी येथे फिजिशियन म्हणून काम करतो. करडई दादांच्या शंका माझ्याकडे जवळजवळ रोज येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

श्वास हा चरबीचा बाहेर पडण्याचा रस्ता आहे, चरबी जाळणारी भट्टी तो नव्हे. भट्टी आहे ती पेशींच्या आत, मायटोकाँड्रिया नावाच्या अतिसूक्ष्म घटकांत. स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारा पंखा कितीही जोरात फिरवला तरी चुलीत लाकूड जास्त जळत नाही, फक्त खोलीतला धूर लवकर निघून जातो. स्वस्थ बसून वेगाने श्वास घेतला की रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, नवा तयार होत नाही. तो प्रमाणाबाहेर कमी झाला तर डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, आणि क्वचित माणूस चक्कर येऊन पडतो. वहिनींना झोप आणि शांतता मिळाली हा लाभ खरा आहे आणि त्यासाठी त्यांनी प्राणायाम अवश्य चालू ठेवावा. वजनासाठी मात्र पेशींना जास्त इंधन लागेल असे काम करावे लागेल, म्हणजे चालणे, चढणे, वजन उचलणे. किंवा आतले इंधन काढावे लागेल एवढे बाहेरून कमी द्यावे लागेल.

चरबीच्या पेशीतून हे इंधन निघते कसे, तेही सांगतो. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढलेले असते आणि ते चरबीच्या पेशींना साठवण करायला सांगते. जेवून बराच वेळ झाला किंवा अंगमेहनत सुरू झाली की इन्सुलिन उतरते, अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, आणि पेशीतली लिपेज नावाची विकरे ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतात. सुटी झालेली मेदाम्ले पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ती स्नायूंपर्यंत, हृदयापर्यंत आणि यकृतापर्यंत प्रवास करतात. तिथे साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडले जातात आणि ते जळतात. ग्लिसरॉल यकृतात जाऊन त्याची साखर बनते. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुप्फुसात येतो. पाण्याला ठरावीक दार नाही, ते शरीरातल्या इतर पाण्यात मिसळते आणि लघवी, घाम, श्वासातली वाफ अशा कोणत्याही मार्गाने जाते. त्यामुळे मास्तरांचे घामवाले सहकारी अगदीच चुकले असे म्हणवत नाही, पण त्यांच्या हाती सहावा हिस्सासुद्धा पुरता येत नाही. शौचावाटे मात्र साठवलेली चरबी जात नाही, तिथे दिसते ती न पचलेल्या अन्नातली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मेदाम्ले रक्तातून सगळीकडे जातात, त्यामुळे पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जळेल असे होत नाही. पोटाच्या स्नायूंना लागणारे इंधन मांडीवरून किंवा पाठीवरूनही येऊ शकते. आधी कुठून उतरायचे हे बऱ्याच अंशी आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात.

पट्ट्याचे उत्तर सोपे आहे. त्याने घाम काढला, म्हणजे पाणी आणि मीठ काढले, आणि तांब्याभर पाणी पिताच ते परत आले. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो तेव्हा असा पट्टा बांधून बसणे धोक्याचेसुद्धा आहे. कोणताही कडक आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो झपाट्याने उतरतात त्यांचेही गुपित पाणीच आहे. यकृत आणि स्नायू यांत मिळून साधारण अर्धा किलोपर्यंत ग्लायकोजेन साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी केले की आधी हा साठा रिकामा होतो आणि त्याचे पाणीही निघून जाते. पुढे वेग मंदावला की लोक निराश होऊन सोडून देतात, आणि मला याचेच फार वाईट वाटते, कारण खरी चरबी उतरायला नेमकी तिथूनच सुरुवात झालेली असते.

अंगावरची एक किलो चरबी म्हणजे, तिच्या पेशींतले पाणी वगैरे धरून, सुमारे 7,700 किलोकॅलरी; प्राध्यापक साहेबांचा ग्रॅमला 9 चा आकडा शुद्ध चरबीचा आहे. रोज तासभर झपाट्याने चालून बसून राहण्यापेक्षा साधारण 200 किलोकॅलरी जास्त खर्च होतात असे धरले तर दिवसाला पंचवीस-सव्वीस ग्रॅम चरबी आणि महिन्याला पाऊण किलोच्या आसपास, एवढाच हिशोब बसतो. मास्तरांचे आठ महिन्यांत अकरा किलो म्हणूनच मला अतिशय योग्य वाटतात. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण जुनाच डोस चालू ठेवला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि काहीही प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, तेव्हा आधी तपासणी करावी.


बीडची लेक

डॉक्टर, आपण अंगमेहनतीचे लिहिले म्हणून विचारते. माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाडीने निघायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. मी आजीजवळ गावी राहून शाळा शिकले. परत आलेल्या आईला पहिल्या दिवशी मिठी मारली की पाठीची हाडे हाताला लागत, हे मला अजून आठवते. तिच्या अंगावर मुळात चरबी फार नव्हतीच. मग जे गेले ते काय होते? आणि पावसाळ्यापर्यंत घरचे खाऊन वजन भरून आले तरी हातातला जोर पहिल्यासारखा का येत नसे? मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी माझी आई चाळिशीतच पायऱ्या चढताना गुडघा धरू लागली.


दवाखाना, अंबाजोगाई

ताई, आपल्या आईंसारख्या कित्येक स्त्रिया मी तपासतो, म्हणून हे उत्तर मला जपून द्यावेसे वाटते.

पहाटेपासून रात्रीपर्यंत ऊस तोडणे आणि मोळ्या वाहणे यांत जेवढे इंधन लागते तेवढे भाकरी आणि मिरचीच्या जेवणातून मिळत नाही. तूट भरून काढायला शरीर आधी ग्लायकोजेन आणि चरबी काढते, पण चरबीचा साठा थोडा असेल आणि ताटात प्रथिनेही पुरेशी नसतील तर ते स्नायूही मोडून वापरते. आपल्या हाताला हाडे लागत ती चरबीसोबत स्नायूही गेल्यामुळे. या दोन्हींच्या बाहेर जाण्याच्या वाटांत एक फरक आहे. स्नायूतल्या प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो, त्याचा श्वासावाटे जाणारा वायू शरीर बनवू शकत नाही, म्हणून यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. चरबी श्वासात गेली, स्नायूचा एक भाग लघवीत गेला, असे म्हणता येईल.

पावसाळ्यापर्यंत भरून आलेले वजन बहुधा चरबीचे असते, कारण ती साठवायला जास्तीचे खाणे पुरते. स्नायू परत बांधायला डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांतले प्रथिन, पुरेशी विश्रांती आणि झेपेल एवढे काम हे सगळे एकत्र लागते. काट्यावर पूर्वीचाच आकडा दिसतो आणि जोर मात्र येत नाही, याचे कारण हे. आईंचे वय विचारत नाही, पण स्नायू कोणत्याही वयात थोडाफार परत येतो. रोजच्या भाकरीसोबत वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव, एवढ्याने सुरुवात करून पाहावी. गुडघे एकदा तपासूनही घ्यावेत.

मास्तर, आपल्यालाही हे लागू आहे. व्यायाम न करता नुसते खाणे कमी केले तर उतरलेल्या वजनात स्नायूचा वाटा वाढतो. चरबीचा स्नायू होत नाही आणि स्नायूची चरबी होत नाही, दोन्ही वेगवेगळ्या पेशी आहेत. आपण चालता हे चांगलेच आहे, त्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम घालावेत.


पेशीशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

वरच्या चर्चेत एक मुद्दा राहिला आहे असे वाटते. चरबी गेली, पण ती जिथे साठली होती त्या पेशी जात नाहीत. वजन उतरल्यावर चरबीच्या पेशी रिकाम्या होऊन आकसतात, त्यांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. रिकामी झालेली कणगी घरातच उभी राहावी तसे हे आहे.

हे शोधून काढले ते विलक्षण पद्धतीने. 1950 नंतरच्या काळात आणि 1963 पर्यंत उघड्या हवेत झालेल्या अणुबॉम्ब चाचण्यांमुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन 14 अचानक वाढला आणि नंतर हळूहळू कमी होत गेला. झाडे हवेतला कार्बन घेतात, आपण झाडे खातो, त्यामुळे त्या-त्या वर्षी जन्मलेल्या पेशीच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेची खूण राहून जाते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी या खुणेवरून चरबीच्या पेशींचे वय काढले आणि 2008 मध्ये नेचर या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. प्रौढ वयात दर वर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात, आणि पोटाची शस्त्रक्रिया करून वजन खूप उतरवलेल्या माणसांतही एकूण संख्या कमी झालेली दिसली नाही, असे त्यांना आढळले.

आकसलेल्या पेशी गप्प बसत नाहीत, हे मास्तरांना ठाऊक असावे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि मेंदू त्यावरून साठा किती आहे याचा अंदाज घेतो. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने त्याचे जनुक शोधले. साठा घटला की लेप्टिन घटते आणि भूक वाढते. वजन उतरवलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा खावेसे वाटते त्यात त्याच्या निश्चयाचा दोष नसतो, शरीर खरोखरच तशी मागणी करत असते. माझ्या वडिलांचे उतरलेले वजन दोन वर्षांत परत आले तेव्हा घरात आम्ही सगळेच त्यांना बोललो होतो. हे शिकल्यावर मी त्यांची क्षमा मागितली.

आणखी एक, कारण चर्चा सगळी वजनाचीच चालली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली होती. उंचीच्या तुलनेत दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या लोकांत हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, असे पुष्कळदा असते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांसाठी 80 च्या आत असावा असे मानतात.


गणिताचा मास्तर, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. कमरेचा घेर मोजला, 93 भरला, म्हणजे माझे काम अजून शिल्लक आहे.

दोन गोष्टी करून पाहिल्या त्या सांगतो. रात्री दहाला झोपण्यापूर्वी वजन केले आणि पहाटे पाचला उठल्याबरोबर, पाणी न पिता आणि लघवीलाही न जाता, त्याच काट्यावर पुन्हा केले. 78.4 चे 78.1 झाले होते. प्राध्यापक साहेबांना फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले की यातले बरेचसे श्वासातून आणि कातडीवरून उडालेले पाणी आहे आणि पन्नासेक ग्रॅम कार्बन आहे. कार्बनचा आकडा लहान असला तरी झोपेतही तो जातच असतो, हे ऐकून मला फार बरे वाटले.

दुसरी गोष्ट वर्गात केली. करडईच्या तेलाची पणती लावली आणि बर्फाचे खडे ठेवलेली स्टीलची ताटली ज्योतीच्या बरीच वर धरली. थोड्याच वेळात ताटलीच्या बुडावर बारीक दव धरले, आणि मुलांनी बोट फिरवून ते पाणी असल्याची खात्री करून घेतली. मग ताटली ज्योतीला टेकवली तेव्हा काजळी धरली. कार्बन म्हणजे काय हे सांगायला मला वेगळे शब्द लागले नाहीत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते हे विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः येऊन दाखवले.

त्यानंतर मी फळ्यावर समीकरण लिहिले आणि दोन्ही बाजूंचे अणू मोजायला सांगितले. कार्बन 55 आणि 55 हे सगळ्यांना जमले, हायड्रोजनचे 104 ही जमले. ऑक्सिजनला मुले अडली, कारण चरबीतले सहा धरायचे ती विसरत होती. राखेचा प्रश्न विचारणारी मुलगी शेवटच्या बाकावर वहीत काहीतरी करत होती. तास संपल्यावर तिने वही आणून दाखवली. एका बाजूला 6 अधिक 156, दुसऱ्या बाजूला 110 अधिक 52, आणि दोन्हींच्या खाली 162 लिहून त्याला गोल केला होता.